बुकिंग गेलं तर गेलं!

ख्रिसमसच्या सुट्टीत सॅन होजेहून लेक टाहोला निघालो होतो. मागच्या सीटवर आई-बाबा, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघायला आलेले. सॅक्रामेंटोपर्यंत नुसता पाऊस. पण हायवे ८० पुढे डोनर समिटला ७,२३९ फुटांवर चढतो, आणि तिथे बर्फवृष्टी सुरू होती. कोलफॅक्सच्या पुढे गाड्या थांबवून चाकांना साखळ्या लावायला सांगत होते. माझी फोर-व्हील ड्राइव्ह, टायरही बर्फात चालणारे, म्हणून मला सोडलं. खरं तर अशा गाडीतही साखळ्या बरोबर ठेवायचा नियम आहे. माझ्याकडे नव्हत्या.

एका छोट्याशा उतारावर ब्रेक दाबला, तरी गाडी आपली सरकतेच आहे! समोरच्या ट्रकपासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. फोर-व्हील ड्राइव्हने गाडी पुढे निघते. थांबते ती टायरच्या पकडीवर. इंजिनिअर असून हे तेव्हा कळलं.

पुढच्याच एक्झिटवरून मागे फिरलो. केबिनचे पैसे बुडाले. ग्रुपवर मित्रांचे मेसेज, 'अरे, आम्ही पोचलो की!' पोचले ते नशिबाने, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुणे घेऊन निघालेल्यांनी तरी त्यांचं ऐकू नये.

रात्री ऑबर्नच्या मोटेलमध्ये आईच्या दशम्या खाल्ल्या. बाबा बर्फाबद्दल काहीच बोलले नाहीत. फक्त साखळ्या केवढ्याला मिळतात, ते विचारलं.