स्वेटशर्टवर नाव कुणाचं?

जुलै उजाडला की हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत नव्या भरतीच्या स्वागताची धामधूम सुरू होते आणि या स्तंभाला खाद्य मिळतं. या आठवड्यात एका वाचकाने त्याच्या कंपनीची इंडक्शनची पत्रिका पाठवली आहे. सकाळी व्यक्तिमत्त्व चाचणी, दुपारी प्रत्येकाच्या छातीवर चार अक्षरांचा बिल्ला, संध्याकाळी सगळ्यांसमोर माईक धरून ‘स्वतःबद्दलची एक गंमत’. पत्रिकेच्या माथ्यावर लिहिलंय, ‘आम्ही प्रत्येकाचा स्वभाव जपतो.’ म्हणजे बुजरा कोण हे सकाळी शोधून काढायचं आणि संध्याकाळी त्यालाच बोलतं करायचं. ही चार अक्षरं वाटणाऱ्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीचा समाचार इथे अनेकदा घेऊन झालाय, तरी राहवत नाही. मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१ सालच्या पुस्तकाच्या आधाराने एका आईने आणि मुलीने ती रचली. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीचंही नव्हतं, मुलगी रहस्यकथाही लिहीत असे. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं. कुणाला नोकरीवर घ्यायचं हे या चाचणीवरून ठरवू नका, असं ती विकणारेच सांगतात. आमच्या एचआरवाल्यांनी हा सल्ला पाळला म्हणायचा. ते आधी माणूस घेतात, मग त्याला बिल्ला लावतात.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की स्वभाव वगैरे सगळं थोतांड आहे आणि नव्या माणसाला लॅपटॉप देऊन खुर्चीत बसवलं की काम झालं. ‘काही अडलं तर बिनधास्त विचारा’ हे आपल्या ऑफिसांतलं सर्वांत लाडकं स्वागतवाक्य, पण त्याचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. कॉनी वॉनबर्ग आणि जॉन कॅमेयर-म्यूलर यांनी २००० साली नव्याने रुजू झालेल्यांचा अभ्यास केला. ज्यांचा स्वभाव बहिर्मुख आणि नव्याची आवड असलेला, ते इतरांपेक्षा जास्त आपणहून ओळखी वाढवत होते, ‘माझं काम कसं चाललंय’ असं विचारत होते. तेव्हा दार सर्वांना उघडं आहे असं म्हणणारी टीम प्रत्यक्षात बोलक्यांनाच आत घेते. उरलेल्यांवर ‘फारसा मिसळत नाही’ असा शेरा बसतो. (नव्या माणसाला पहिल्याच चहाला ‘आडनाव काय, मूळ गाव कोणतं’ विचारून त्याचा स्वभाव ओळखण्याची आपली देशी चाचणी तर मायर्स-ब्रिग्जहून कितीतरी जुनी. तिचेही निकाल तितकेच भरवशाचे.)

मग स्वभावाची दखल घ्यायची कशी? याचं मला पटलेलं उत्तर अमेरिकेतल्या कुठल्या चकचकीत ऑफिसातून आलेलं नाही, ते विप्रोच्या बीपीओतून आलंय. डॅनियल केबल, फ्रान्चेस्का जीनो आणि ब्रॅडली स्टाट्स यांनी तिथे केलेला प्रयोग २०१३ साली ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली’त आला. काम फोनवर आणि चॅटवर ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचं, आणि माणसं टिकत नाहीत हे तिथलं जुनंच दुखणं. नव्या लोकांच्या काही तुकड्यांना नेहमीचंच प्रशिक्षण मिळालं. काहींना त्याखेरीज एक तास कंपनीची थोरवी ऐकवली गेली. वरिष्ठ बोलले, गाजलेला कर्मचारी बोलला, शेवटी कंपनीचं नाव असलेला स्वेटशर्ट हाती पडला. तिसऱ्या प्रकारच्या तुकड्यांनाही तेवढाच तास मिळाला, पण त्यात प्रत्येकाने आधी एकट्याने एक कोडं सोडवायचं होतं, मग आपण सर्वांत आनंदात आणि सर्वांत चांगलं काम करतो ते आपल्यातल्या कोणत्या गुणामुळे, हे लिहायचं होतं, आणि त्यानंतर त्यातूनच इतरांना आपली ओळख करून द्यायची होती. यांच्या स्वेटशर्टवर नाव होतं ज्याचं त्याचं. पुढच्या महिन्यांत नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण या तिसऱ्या गटात बाकी दोन्ही गटांपेक्षा कमी राहिलं, आणि नेहमीचं प्रशिक्षण घेतलेल्यांपेक्षा त्यांचे ग्राहकही जास्त समाधानी होते. या तुलनेतली खरी मेख दुसऱ्या गटात आहे. कुणी लक्ष दिलं की माणसं सुखावतात, त्यात नवल ते काय, असा आक्षेप लगेच येतो. पण तो तास आणि तो स्वेटशर्ट दुसऱ्या गटालाही मिळालाच होता. फरक इतकाच की एका खोलीत कंपनी बोलत होती आणि दुसऱ्या खोलीत कंपनी विचारत होती. शिवाय तिसऱ्या गटातल्या कुणालाही कप्प्यात घातलं नव्हतं. माणसाने स्वतःबद्दल काय ते स्वतःच सांगितलं, आणि तेही आधी विचार करून, लिहून. बोलण्याआधी शांतपणे लिहायला मिळणं ही बुजऱ्या माणसासाठी केवढी सोय आहे, हे माईक वाटणाऱ्यांना कळायचं नाही.

या प्रयोगावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. जीनो यांच्या इतर काही शोधनिबंधांतल्या आकडेवारीवर फेरफाराचे आरोप झाले आणि २०२५ मध्ये हार्वर्डने त्यांची कायम प्राध्यापकी काढून घेतली. आरोप त्यांना मान्य नाहीत. ज्या चार निबंधांवरून हे वादळ उठलं त्यांत विप्रोचा निबंध नाही, शिवाय त्याचे सहलेखक वेगळे आहेत. तरीही हा एकाच कंपनीतला, एकाच प्रकारच्या कामावरचा पुरावा आहे. मी त्याला ब्रह्मवाक्य मानत नाही. चार अक्षरांच्या बिल्ल्यापेक्षा मात्र त्यावर जास्त विश्वास ठेवतो. दुसरा आक्षेप व्यवस्थापकांचा : शेकड्यांनी फ्रेशर येतात, प्रत्येकाचे नखरे कोण सांभाळणार? त्यांनी बीपीओतल्या कामाकडे पाहावं. ठरलेली वाक्यं, मोजलेली मिनिटं. स्वभावाला सर्वांत कमी वाव असलेल्या त्या नोकरीतही या एका तासाने फरक पडला. आणि हा तास तुकडीलाच दिला होता, प्रत्येकासाठी वेगळा शिक्षक नेमला नव्हता. टीम लीडने स्वतःच तारीख लावून पहिल्या महिन्यात नव्या माणसाला दोनदा एकट्याला भेटायचं, बैठकीतले प्रश्न आदल्या दिवशी लेखी पाठवायचे, याला असा किती खर्च येतो? तीन महिन्यांनी भरायच्या कन्फर्मेशनच्या फॉर्मवर ‘टीममध्ये मिसळतो का?’ हा रकाना असतो. तो ठेवायचाच असेल, तर त्याच्या शेजारी टीम लीडसाठीही एक हवा : आपण त्याला काय विचारलंत, आणि कधी?