पेटी, पियानो आणि पन्नाशी

रत्नागिरीत 'पेटी' म्हटलं की दोनच अर्थ. एक हापूसची, दुसरी भजनाची. त्यामुळे पन्नाशीत मला पियानो शिकायची लहर आली, तेव्हा घरच्यांनी निकालच देऊन टाकला, "पेटीसारखाच की तो! घे एखादा स्वस्तातला कीबोर्ड. टिकलीस तर पुढचं बघू."

घेतला. ६१ पट्ट्या आणि शेकडो आवाज. एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की ढोल. वर्षभर इमानेइतबारे बसले. मग मुंबईला एका मैत्रिणीकडे खऱ्या पियानोपुढे बसले आणि बोटं लुळीच पडली. एक सूर ठणकन वाजे, दुसरा उमटेचना. परतताना गाडीत ठरवून टाकलं, आपलं वय झालं.

साफ खोटं होतं ते!

पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्यामुळे. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, फरक नाही. पियानोला भाता नाही. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते, आणि ती किती वेगानं आपटली त्यावर आवाज ठरतो. म्हणजे भात्याचं कामही बोटांनीच करायचं. काही कीबोर्डांना हा वेग कळतो, पण पट्टीखाली वजन नसतं, नुसती स्प्रिंग. त्यावर बोटं तयार होणार कशी?

"टिकलीस तर बघू" म्हणजे परातीत पोहायला शीक, जमलं तर समुद्र दाखवू!

तुम्ही म्हणाल, मग खरा पियानोच घे ना. इथल्या खाऱ्या, दमट हवेत? दोनशेच्या वर तारा असतात त्यात. गंज काढत बसू की रियाज करू?

डिजिटल पियानो हाच आपल्यासाठी खरा. यामाहाचा पी-१४५ घ्या किंवा कॅसिओचा सीडीपी-एस११०. दोन्हीत ८८ वजनदार पट्ट्या आणि आवाज फक्त १०. दुकानदाराला हे १० आवाज कमीपणाचे वाटतात, मला मोठेपणाचे. पैसे पट्ट्यांत गेलेत, ढोलात नाही. कॅसिओचा तर ६ सेलवरही चालतो. पावसाळ्यात इथे वीज जाते तेव्हा त्याची किंमत कळते. हेडफोन लावला की शेजारीही सुखी.

किंमत पाच आकडी, कबूल. भजनाला साथच करायची असेल तर खुशाल पेटी घ्या, तिची सर कशाला नाही. पण पियानो शिकायचाय ना? लहान मुलाला चुकीची सवय मोडायला वर्षं पडली आहेत. आमच्याकडे ती नाहीत. मग खोटं वाद्य नेमकं आमच्याच गळ्यात का?

असो. माझा कीबोर्ड हल्ली भाच्याकडे असतो. दिवसभर ढोल वाजवतो. तिथे तो शोभतो.