भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

शाळा, वाचनालयं, पतसंस्था, सोसायट्यांची कार्यालयं आणि घरोघरी विंडोज १० वर काम करणारे सगळे, तुम्हाला कळकळीची विनंती आहे. तो संगणक विकू नका, फेकू नका आणि आहे तसा चालूही ठेवू नका.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा थांबवला. संगणक सुरू होतो, टाइप होतं, प्रिंट निघते, म्हणून काही बिघडलंय असं कोणाला वाटत नाही. पण सुरक्षेतली नवी भोकं बुजवणारे अपडेट आता येत नाहीत. वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवलेल्या घरगुती वापरकर्त्यांना ते मिळतात, पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तो ज्या भोकातून शिरला त्यावरचा अपडेट मार्चमध्येच येऊन पडला होता. ज्यांनी तो घेतला नाही ते अडकले. इथे तर घ्यायला अपडेटच नसणार.

मग विंडोज ११ टाकायची का? तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६ साली घेतलेला, ८ जीबी रॅमचा, ठणठणीत आय-फाइव्ह संगणकही बाद. अशा वेळी गल्लीतला दुरुस्तीवाला म्हणतो, ‘साहेब, काळजी नको, अकरा टाकून देतो.’ तो विंडोज ११ च्या या तपासणीला बगल देतो आणि वर क्रॅक मारतो. अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि क्रॅकबरोबर आत काय शिरलं हे त्या दुरुस्तीवाल्यालाही ठाऊक नसतं. त्याच यंत्रावर पतसंस्थेच्या सभासदांचे आधार आणि पॅन क्रमांक ठेवायचे, हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

तिसरा रस्ता विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीचा. तो फुकट आहे, कायदेशीर आहे आणि याच जुन्या यंत्रावर चालतो. कोणतं लिनक्स घ्यावं हे जाणकारांना विचारू नका, दहा जण अकरा नावं सांगतील आणि संध्याकाळपर्यंत भांडत बसतील. माझं मत सरळ आहे: नवशिक्याने लिनक्स मिंट घ्यावं. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, मध्ये फोल्डर. विंडोजवर हात बसलेल्या माणसाला दोन दिवसांत सवय होते. मिंटच्या २२ व्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. रॅम ४ जीबीच असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. आणि जमलं तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. नव्या संगणकाच्या मानाने किरकोळ खर्च आहे, आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

यातलं काहीही आंधळेपणाने करायची गरज नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मिंटची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा आणि रूफस या छोट्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. संगणक सुरू होताना बहुतेक डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबा आणि पेनड्राइव्ह निवडा. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू होईल, डिस्कला धक्का लागणार नाही. आता वायफाय जोडून बघा, आवाज येतो का बघा, बँकेचं संकेतस्थळ उघडा. प्रिंटर जरूर तपासा, कारण घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. पसंत पडलं तरच ‘इन्स्टॉल’ करा, आणि त्याआधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून, तिथून एक-दोन उघडून बघा. पुढे ‘डिस्क पुसा’ असा पर्याय येतो, तो खरोखरच सगळं पुसतो.

मराठीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. युनिकोडमधलं मराठी लिनक्सवर व्यवस्थित दिसतं, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. मंगल फाँटमध्ये केलेलं पत्र लिनक्सवरच्या लिब्रे ऑफिसात उघडलं तर फाँट बदलल्याने ओळी थोड्या सरकतील, इतकंच. खरी अडचण संस्थांच्या जुन्या कपाटात आहे. वीस वर्षांची इतिवृत्तं, सभासद याद्या, स्मरणिकांचे लेख कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये पडून आहेत. तो फाँट नसेल तर फाइलीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो, आणि हे नव्या विंडोजवरही होतंच. तेव्हा लिनक्स घ्या न घ्या, जुना संगणक चालू आहे तोवर त्या फायली युनिकोडमध्ये आणा, आणि महत्त्वाच्यांची पीडीएफ करून ठेवा. तो संगणक फाँटसकट भंगारात गेला की संस्थेचा इतिहासही गेला.

लिनक्स सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणणार नाही. टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप किंवा श्रीलिपीवर ज्यांचं पोट आहे, त्यांनी विंडोज ११ चालणारं यंत्र घ्यावं. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या जुगाडावर धंदा चालवू नये. डिजिटल सही रोज लागणाऱ्या कर सल्लागारांनीही आपलं सहीचं टोकन लिनक्सवर चालतं का ते आधी तपासावं. लिनक्सला व्हायरस लागतच नाही, ही बढाईही सोडून द्या. अपडेट तिथेही घ्यावे लागतात, आणि फसव्या लिंकवर ओटीपी देणाऱ्याला कोणतीच प्रणाली वाचवत नाही.

संस्थाचालकांना मात्र एक सांगणं आहे: सगळी यंत्रं एका दिवसात बदलू नका. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजवर परतायचा ठराव केला. त्यात राजकारण होतं तसा कर्मचाऱ्यांचा वैतागही होता. उलट केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं गेली पंधराहून जास्त वर्षं लिनक्सवर शिकत आहेत, कारण तिथे आधी शिक्षकांना शिकवलं गेलं. वाचनालयातला एक संगणक बदला, कारकुनाला महिनाभर वापरू द्या, त्याची कुरकुर ऐका, मग दुसरा.

आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, हे काम तुमचं आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता झाडता तसे गावच्या शाळेतले चार संगणक मार्गी लावा. नुसतं टाकून पळू नका. अडचण आली तर फोन कोणी उचलायचा, ते नाव आणि नंबर मॉनिटरवर चिकटवून या.

ज्या संस्थांच्या येत्या सभेत ‘जुने संगणक निर्लेखित करणे’ असा विषय असेल, त्यांनी तो एक महिना पुढे ढकलावा. तेवढ्यात पेनड्राइव्ह लावून बघावा. चाललं नाही, तर भंगारवाला कुठे पळून जात नाही. फक्त तो ई-कचऱ्याचा अधिकृत परवाना असलेला असू द्या, आणि डिस्क काढून घेतल्याशिवाय यंत्र त्याच्या हाती देऊ नका.