चष्मा कुणाच्या डोळ्यांवर?

डोळ्यांवर चष्मा चढवला की समोरच्या पुतळ्यावर जखम, रक्तस्राव दिसतो. चूक झाली तरी जीव जात नाही, हात तयार होतो. आपत्कालीन सेवकांना शिकवणारे हे तंत्र आम्हाला हवेच! पण चिंचोळी एमआयडीसीत यंत्रात हात सापडला तर आधी धावतो शेजारचा कंत्राटी कामगार. १०८ ची रुग्णवाहिका नंतर येते. त्याला कोण शिकवणार?

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४५ ने दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा प्रमाणपत्रधारक माणूस बंधनकारक केला. १९४२ ते १९४६ मजूरमंत्री राहिलेल्या बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून आम्ही बजावतो: कामगाराचा जीव मालकाच्या दयेवर नाही, हक्कावर जगतो.

तरुणांनो, विचारा: पेटी कुठे? प्रमाणपत्र कुणाकडे? आणि चष्मा येईल तेव्हा पहिला मान कंत्राटी कामगाराचा! जय भीम!