विश्वांचा सुकाळ

आमच्या तरुण लेखकमंडळींना अलीकडे एका नव्या कामधेनूचा लाभ झाला आहे. तिचें नांव अनेकविश्ववाद. आपलें विश्व एकटें नसून अशीं असंख्य विश्वें आहेत, आणि जें जें येथें घडूं शकलें असतें पण घडलें नाहीं, तें तें दुसऱ्या कोठल्या तरी विश्वांत घडून चुकलें आहे, असें या वादाचें लोकांत फिरणारें रूप. २०२२ सालीं 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' हा अमेरिकन चित्रपट निघाला, पुढील वर्षीं त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें, आणि तेव्हांपासून तर या कामधेनूच्या गोठ्यापुढें रांगच लागली आहे. एकाच विश्वाच्या चौकटींत कोंडलेल्या कलेला आतां मोकळें आकाश लाभलें, असें परिसंवादांतून आम्हांस ऐकविण्यांत येतें. नायक मेला तर मेला. त्याचा जुळा पलीकडे जिवंत आहेच! हें म्हणणें आम्हांस साफ अमान्य आहे. या वादापासून बहुतेक लेखकांना जें मिळतें ती स्फूर्ति नसून सवलत आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम शास्त्राची साक्ष काढूं. कारण ही मंडळी पदोपदीं तिचीच शपथ घेतात. १९५७ सालीं प्रिन्स्टन येथें ह्यू एव्हरेट या तरुण पदार्थवैज्ञानिकानें आपल्या प्रबंधांत असें प्रतिपादिलें कीं, अणूच्या पोटांतील घडामोडींचे जे अनेक निकाल संभवतात, त्यांपैकीं एकच खरा ठरून बाकीचे लोपतात असें मानण्याचें कारण नाहीं. समीकरण सर्वच निकाल कायम ठेवतें. पुढें १९७० सालीं ब्राइस डेविट यांनीं हें मत 'अनेक विश्वांच्या' रूपानें लोकांपुढें आणलें. तें खरें कीं खोटें याविषयीं वैज्ञानिकांत आजहि एकवाक्यता नाहीं, व तो निवाडा करण्याचा आमचा अधिकारहि नाहीं. परंतु उसनें घेणारानें आपण काय उसनें घेतलें एवढें तरी पाहावें कीं नाहीं? एव्हरेटच्या समीकरणांत फांद्या फुटतात त्या अणुपरमाणूंच्या घडामोडींमुळें. नायिकेनें आलेल्या स्थळाला होकार दिला कीं नकार, याची त्या समीकरणाला दादहि नाहीं. शिवाय एकदां दूर झालेल्या फांद्यांत येणेंजाणें नाहीं, पत्रव्यवहार नाहीं. एका विश्वांतून दुसऱ्यांत उड्या मारणारे नायक ज्या शास्त्राचा दाखला देतात, तें शास्त्र त्यांना दाराशींहि उभें करणार नाहीं.

गंमत अशी कीं, येथें सावकार कोण आणि कूळ कोण याचाहि घोटाळा झालेला आहे. अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुइस बोर्हेस यांची 'फांद्या फुटणाऱ्या वाटांची बाग' ही कथा १९४१ सालची, म्हणजे एव्हरेटच्या प्रबंधाच्या सोळा वर्षें आधींची; आणि १९७३ सालीं डेविट यांनीं या वादावर जो ग्रंथ संपादिला, त्याच्या आरंभीं याच कथेंतील उतारा छापलेला आहे. विज्ञानानें कलेला नवी दृष्टि दिली, असा डांगोरा पिटणारांनीं निदान सालें तरी ताडून पाहावीं.

हें वाचून आमच्यांतील दुसरा पंथ मात्र हर्षभरित होईल. "हें सारें आमच्या योगवासिष्ठांत आहेच!" होय, आहे. लीलेचें आख्यान आम्हींहि वाचलें आहे. पति मरण पावल्यावर राणी लीला सरस्वतीच्या कृपेनें पाहते, तों त्याच महालाच्या पोकळींत तो दुसऱ्या जगाचा राजा होऊन राज्य करीत आहे. आणि हीं सर्व राज्यें आठ दिवसांपूर्वीं मेलेल्या एका ब्राह्मणाच्या झोपडींत सामावलेलीं आहेत. कल्पनेची ही झेप पाहून मान डोलवावी तेवढी थोडी. पण वसिष्ठ ही कथा सांगतात कशासाठीं? रामाच्या मनाला जगाचें मिथ्यात्व पटावें, त्याची आसक्ति सुटावी, म्हणून. विश्वें वाढविलीं कीं प्रत्येक विश्वाचें मोल उतरतें, हें त्या ग्रंथकारानें पुरतें ओळखलें होतें, आणि त्याला तेंच हवें होतें. तत्त्वज्ञाला गांठ सोडावयाची असते. कथाकारानें तीच गांठ सोडून ठेवली, तर वाचकानें काय धरून बसावें?

आमच्याच परंपरेचा आधार हवा असेल तर तो भरतमुनींपाशीं शोधावा. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत विप्रलंभ शृंगार आणि करुण यांमधील भेद त्यांनीं सांगितला आहे. वरवर पाहतां दोन्हींकडे तेंच. अश्रु तेच, निःश्वास तेच. पण विप्रलंभ हा सापेक्ष आहे, म्हणजे पुनर्भेटीची आशा त्यांत शिल्लक असते. करुण हा निरपेक्ष, तेथें आशेचा धागा तुटलेला असतो. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनें असलेलें हें एक बारीक निरीक्षण या सबंध वादाचा निकाल लावावयास पुरेसें आहे. पलीकडच्या विश्वांत तो जिवंत आहे असें एकदां ठरलें, कीं करुणाचा पायाच गेला. बरें, त्या जागीं विप्रलंभ तरी उभा राहतो काय? तोहि नाहीं, कारण वाट पाहावयाची ती या माणसाची, त्याच्या प्रतीची नव्हे. उरतें तें कोष्टक!

हें लिहीत असतां आमच्या एका विद्यार्थ्याची कथा डोळ्यांपुढें आहे. २०२१ सालच्या एप्रिलांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, रुग्णालयांत खाट मिळण्याची वाट पाहतां पाहतां त्याचे वडील गेले. पुढें त्यानें एक कथा लिहून आम्हांस दाखविली. तींत तीन विश्वें होतीं. एकांत खाट वेळेवर मिळते. दुसऱ्यांत वडील आजारीच पडत नाहींत. तिसऱ्यांत ते नोकरी सोडून गवई झालेले असतात. भाषा चांगली होती. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या विश्वांच्या मध्यें दोनच वाक्यें अशीं आलीं होतीं: मुलगा शिधापत्रिकेवरून वडिलांचें नांव कमी करावयास जातो, आणि कारकून मान वर न करतां विचारतो, "कायमचें कीं तात्पुरतें?" आम्ही तेथें थांबलों. तीं दोन वाक्यें ठेव आणि तिन्ही विश्वें फाडून टाक, असें आम्हीं त्याला सांगितलें, व वर भरतमुनीहि ऐकविले. तो शांतपणें म्हणाला, "सर, तुम्हांला करुणरस हवा आहे. मला बाबा हवे होते."

तीस वर्षें वर्गांत बोलण्याची संवय असूनहि त्या वेळीं आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. दुःखितानें सांत्वन शोधावें, त्यासाठीं वाटेल तितकीं विश्वें रचावीं. त्याला हरकत घेणारे आम्ही कोण? आमचें भांडण त्याच्याशीं नाहींच. ज्यांचें कांहींहि गेलेलें नाहीं आणि तरीहि जे घाऊक भावानें विश्वें विकत आहेत, त्यांच्याशीं आहे.

आणि ही कल्पना कलेला वर्ज्यच आहे, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. बोर्हेसच्याच कथेंत काय आहे पाहा. पहिल्या महायुद्धांत जर्मनांसाठीं हेरगिरी करणारा यू त्सुन हा चिनी प्राध्यापक इंग्लंडांत स्टीफन आल्बर्ट या विद्वानाच्या घरीं येतो. तो विद्वान त्याला त्याच्याच पणजोबांच्या ग्रंथाचें कोडें उलगडून दाखवितो: काळाला असंख्य फांद्या आहेत, त्यांतील कांहींत आपण मित्र आहों, एखादींत शत्रु. हें सर्व ऐकून, समजून, कृतज्ञ होऊन यू त्सुन त्याला गोळी घालतो. कारण आल्बर्ट हें ज्या गांवाचें नांव, तेथें बाँब टाकावयाचे आहेत, हें मालकांना कळविण्याचा त्याला दुसरा मार्ग नाहीं. कथा संपते ती फांशीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या न संपणाऱ्या पश्चात्तापावर. असंख्य वाटांपैकीं एकहि त्याच्या कामीं येत नाहीं. बोर्हेसनें सारीं दारें दाखविलीं तीं बंद होतांना ऐकूं यावीं म्हणून.

मराठींत हेंच मर्म जाणलें तें २०२५ सालीं दिवंगत झालेल्या जयंत नारळीकरांनीं. ते स्वतः विश्वरचनेचे अभ्यासक. पण 'गंगाधरपंतांचे पानिपत' लिहितांना त्यांनीं विश्वांची आतषबाजी केली नाहीं. त्यांच्या गंगाधरपंतांना अपघातानंतर जें दुसरें विश्व दिसतें, त्यांत १४ जानेवारी १७६१ ची ती गोळी विश्वासरावांना लागत नाहीं, आणि मराठे पानिपत जिंकतात. ही कथा वाचतांना मराठी वाचकाच्या छातींत जें हलतें, तें कोठून येतें? त्या दुसऱ्या विश्वांतून खास नव्हे. ज्या घरांत 'विश्वास पानिपतांत गेला' ही म्हण झाली आणि सर्वनाशाला 'पानिपत' हेंच नांव पडलें, त्या घरच्या एकाच खऱ्या पराभवांतून तें येतें. ज्याला ती जखम नाहीं, त्याला ही कथा एक चतुर युक्ति वाटेल, अधिक कांहीं नाहीं. आणि त्या विजयी विश्वांत पंतांना मिळतें काय? अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीवर हक्क सांगावयास जातांच लोक त्यांना व्यासपीठावरून हुसकून लावतात. परत येतांना खिशांत राहतें तें बखरीचें एक फाटकें पान. त्यावर छापलें आहे कीं, गोळी विश्वासरावांना चाटून गेली.

ती कथा आम्हीं त्या विद्यार्थ्याला वाचावयास दिली आहे. आपली कथा तो पुन्हां लिहीत आहे, असें कळतें. किती विश्वें ठेवणार, हें त्यानें सांगितलेलें नाहीं, व आम्हींहि विचारलेलें नाहीं.