समुद्राला बांध कोणी घातला?

बांधाचा तंटा म्हणजे काय, हें आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. हातभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, दोन पिढ्या तारखा चालतात, आणि निकाल लागतो तेव्हां बांधालगतचें शेतही वकिलाच्या फीपायीं गेलेलें असतें. परंतु शेताला निदान बांध असतो, सातबारा असतो, मोजणीचा दगड असतो. जेथें यांपैकीं कांहींच नाहीं, अशा पाण्यावरून आमचे कष्टकरी बांधव एकमेकांचे वैरी व्हावेत, ही गोष्ट आम्हांस अधिक शोचनीय वाटते. मिरा-भाईंदर शहराच्या पश्चिम टोंकास उत्तन, पाली, चौक, भाटेबंदर हीं कोळ्यांचीं गांवें आहेत. तेथील आणि वसई-अर्नाळ्याकडील डोलकर एका बाजूस, व सातपाटी, मुरबे, डहाणूकडील मच्छीमार दुसऱ्या बाजूस, असा समुद्रांतील कवींच्या जागेवरून जो तंटा वर्षानुवर्षें धुमसत आहे, त्याविषयीं आज स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमचे पुष्कळ वाचक घाटावरचे आहेत. त्यांच्यासाठीं कव म्हणजे काय तें आधीं सांगतों. डोल हें पिशवीसारखें जाळें. त्याचें तोंड प्रचंड, अंग निमुळतें आणि शेवटचा खोला अगदीं बारीक विणीचा. समुद्राच्या तळांत खुंट ठोकून तें बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीनें त्याचें तोंड उघडें राहतें, आणि पाण्याबरोबर येणारे बोंबील, मांदेली, जवळा, करंदी आंत शिरतात. डोलकर माशामागें धांवत नाहीं. पाणीच त्याला मासा आणून देतें. उधाणाच्या दिवसांत ओढ जोराची म्हणून मासळी जास्त, भांगाच्या दिवसांत कमी. हे खुंट ठोकण्याची जी ठरलेली जागा, ती कव. ती बापाकडून मुलाकडे चालत येते. तिला सरकारी कागद नसला तरी गांव तिला ओळखतो.

सातपाटीकडचें वागरा जाळें याच्या अगदीं उलट. तें पाण्यांत भिंतीसारखें उभें राहून प्रवाहाबरोबर वाहत जातें व त्यांत पापलेट, दाढा असा मोलाचा मासा अडकतो. आतां जेथें एकाचे खुंट रोवलेले, तेथें दुसऱ्याचें वाहतें जाळें आलें म्हणजे काय होणार? जाळें खुंटांत गुरफटतें व फाटतें. तें सोडवतांना कधीं डोल कापली जाते, कधीं खुंट हालतो. एक जाळें स्थिर, दुसरें चालतें. दोघांना एकाच वेळीं एकच पाणी पुरत नाहीं. एवढें तंट्याचें मूळ. यांत कोणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाहीं.

दोन्ही बाजूंचें म्हणणें आम्ही ऐकतों, आणि दोन्ही बाजूंस सत्याचा अंश आहे असें आम्हांस दिसतें. सातपाटीकर म्हणतो, "तुमच्या कवी उत्तरेकडे सरकत आमच्या दारांत आल्या, आमच्या वागऱ्याला वाट उरली नाहीं, शिवाय तुमच्या बारीक खोल्यांत पापलेटाचीं पिल्लें सांपडून मरतात, मग आम्ही मोठा मासा कोठून आणावा?" उत्तनकर म्हणतो, "घराजवळच्या पाण्यांत आतां राहिलें काय? डोल वर काढावी तर मासळीबरोबर शहराचें प्लास्टिक निघतें. दूर जाऊं नये तर कर्जाचा हप्ता कोण भरील?" पहिल्याचें खोटें नाहीं आणि दुसऱ्याचेंही खोटें नाहीं. परंतु दोन खरीं एकत्र बसलीं नाहींत म्हणजे त्यांतून तिसऱ्याचा फायदा होतो, हा जगाचा अनुभव आहे.

मासेमारी ही एक पारधच आहे. जमिनीवरच्या पारधीविषयीं जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत लिहिलें आहे. रानडुकरें शेतें खाऊन टाकतात, तर शेतकऱ्यास साधी गांवठी बंदूक तरी जवळ बाळगूं द्या. तेवढी हिंमत नसेल तर राखणीचें काम पोलिसांकडे द्या, आणि मग नुकसान झालें तर तें वरिष्ठ अंमलदाराच्या पगारांतून अथवा सरकारी खजिन्यांतून भरून द्या, अशी त्यांची रोखठोक मागणी होती. या मागणीचें मर्म बंदुकींत नाहीं. ज्याचें पोट ज्या जागेवर अवलंबून आहे, त्याला त्या जागेच्या कारभारांत शब्द असला पाहिजे, आणि ज्यानें अधिकार हातीं घेतला त्यानें नुकसानीची जबाबदारीही घेतली पाहिजे, हें तें मर्म आहे.

पुढें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें रानांतली पारध बंद झाली, आणि तो रिवाज पुन्हां सुरू व्हावा असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या पारधीची वांटणीची रीत ध्यानांत ठेवण्याजोगी होती. हाकारे घालणारे पुष्कळ, बंदूक एखाद्याची, आणि रान भलत्याचेंच; तरी जनावर पडल्यावर जो राबला तो वांटेकरी, ही समजूत असे. तपशील गांवोगांव निराळा, तत्त्व एक. आपल्या खाजगी माळावर दुसऱ्यांस पारधीला येऊं देणारा शेतकरी भोळा नव्हता. आज यांना अडवलें तर उद्यां माझ्या पिकांत डुकरें शिरतील तेव्हां हाकेला कोण येईल, हा हिशेब त्याच्या मनांत पक्का होता. जमिनीच्या धन्याला जें उमगलें, तें ज्या पाण्याला धनीच नाहीं त्यावर कां उमगूं नये?

दोन कोळीवाडे एकमेकांच्या कवी मोजीत बसले असतां तिकडे समुद्रांत काय चाललें आहे, तें पाहा. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारनें ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं निर्बंध घातले. प्रखर विजेचे दिवे लावून मासा गोळा करण्यास केंद्र सरकारनें २०१७ सालीं बंदी केली. राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यांत २०२१ सालीं दुरुस्ती होऊन दंड वाढले. तरीहि ते दिवे रात्रीं समुद्रांत दिसतात, अशी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाहीं. एका फेरींत थवेच्या थवे उचलणारें भांडवल एकीकडे, आणि भरती-ओहोटीची वाट पाहणारा डोलकर व वागरेवाला दुसरीकडे. या दोघांनीं एकमेकांचे खुंट उपटावे यापरतें त्या भांडवलवाल्यास दुसरें काय हवें? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच.

आणि सरकार? १९८१ सालचा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा उघडून पाहावा. कोणत्या पाण्यांत कोणत्या जातीचें जाळें, किती होड्या, कोणत्या वेळीं, हें ठरविण्याचा अधिकार त्यानें सरकारला दिला आहे. आणि तो वापरतांना पारंपरिक मच्छीमारांचें हित, माशांचें रक्षण व सुव्यवस्था हीं ध्यानीं घ्यावीं, असेंही त्यांत आहे. म्हणजे हत्यार चाळीस वर्षांपूर्वींच हातीं आलें. तरी तंटा जागच्या जागीं. त्यांत १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला. उत्तन ठाण्यांत राहिलें. वसई, अर्नाळा, सातपाटी, डहाणू पालघरांत गेलीं. एका पाण्याच्या तंट्यावर आतां दोन जिल्ह्यांचे अंमलदार, आणि बारा सागरी मैलांपलीकडे गेलें कीं केंद्राचा अंमल! २०२३ सालीं सरकारनें रुपेरी पापलेटास राज्यमाशाचा मान दिला. माशाला मान मिळाला याचा आम्हांस आनंद आहे. तो मासा पकडणाऱ्याला जागा केव्हां मिळते, तेवढें कळावें.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, गांव करी तें राव न करी. वांटून खाण्याची विद्या आम्हां कष्टकऱ्यांस नवी नाहीं. धुळें-नाशिकाकडे पांझरा, मोसम या नद्यांच्या कांठीं शेकडों वर्षांची फड पद्धत आहे. बंधाऱ्याच्या पाण्याखालचें रान फडांत वांटलेलें, फडागणिक पीक ठरलेलें, पाणी देणारा पाटकरी शेतकऱ्यांनींच नेमलेला. तामिळनाडूंत पुलिकत सरोवरावर पाडू नांवाची चाल आहे. मासेमारीच्या जागा चिठ्ठ्या टाकून पाळीपाळीनें वांटतात. तुर्कस्तानांत अलान्या गांवच्या मच्छीमारांनीं मारामाऱ्यांना कंटाळून १९७० नंतरच्या दशकांत असाच उपाय काढला. सप्टेंबरांत जागांच्या चिठ्ठ्या टाकावयाच्या. जानेवारीपर्यंत प्रत्येकानें रोज एक जागा पूर्वेकडे सरकावयाचें, नंतर मेपर्यंत रोज एक जागा पश्चिमेकडे. त्यामुळें चांगली जागा प्रत्येकाच्या वांट्यास येते, आणि कोणी लबाडी केली तर ज्याची पाळी बुडाली तोच ती पकडतो. त्यासाठीं निराळा पोलीस लागत नाहीं.

आमच्या कोळी बांधवांस ही शिस्त परकी आहे काय? मुळींच नाहीं. कायद्यानें पावसाळी बंदी घालण्याच्या कितीतरी आधींपासून नारळी पुनवेपर्यंत होडी लोटावयाची नाहीं, हा नेम त्यांनीं स्वतःच पाळला. त्यासाठीं कोणा अंमलदाराचा हुकूम लागला नव्हता. त्याच बुद्धीनें आतां पुढील गोष्टी कराव्यात. दोन्ही बाजूंच्या मच्छीमार संस्थांनीं एकत्र बसून आज असलेल्या कवींची गणती करावी. होडींतल्या जीपीएस यंत्रावर प्रत्येक कवीची जागा नोंदवून ती यादी उघडी ठेवावी, म्हणजे रात्रींतून नवी कव उगवणार नाहीं. वाहत्या जाळ्यांसाठीं कवींच्या रांगांमधून मोकळ्या वाटा सोडाव्यात. पापलेटाच्या हंगामांत कोणतें पाणी रिकामें ठेवावयाचें, तें पाळीनें ठरवावें. पिल्लें निसटतील इतकी खोल्याची वीण मोठी करावी. कोणीं कोणाची कव उपटली किंवा जाळें कापलें तर त्यानें नवें जाळें भरून द्यावें. आणि ही सर्व ठरावाची वही दोन्ही जिल्ह्यांच्या अंमलदारांपुढें ठेवून १९८१ च्या कायद्याखालीं तिला हुकमाचें बळ मागावें. आपसांत ठरलेल्या गोष्टीला नाहीं म्हणणें सरकारला कठीण जातें. भांडणाऱ्यांना थांबा म्हणणें सोपें असतें.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. पंच म्हटले कीं चार मोठ्या होडीवाले असा अर्थ होऊं नये. शेटजी-भटजींच्या जागीं आपलेच पाटील येऊन बसले तर गरिबाची सुटका झाली असें होत नाहीं. त्या बैठकींत एका डोलीवर घर चालविणाऱ्याला बोलतां आलें पाहिजे, आणि दुसऱ्याच्या होडीवर राबणाऱ्या खलाशालाही बोलतां आलें पाहिजे. आणि बायकांना तर आधीं. बोंबील वलांडीवर टांगणारी, पाटी घेऊन बाजार गांठणारी, व्यापाऱ्याची उचल फेडणारी तीच. जाळें फाटलें म्हणजे पुरुष संतापतो. घरांतला दागिना गहाण तिला टाकावा लागतो. तिला विचारून किती तंटे केले गेले, याचा शोध घ्यावा. तसेंच ठराव मोडणाऱ्यास वाळींत टाकण्याचा जुना अघोरी मार्ग कोणीं घेऊं नये. २०१६ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे, आणि सत्यशोधकांच्या दृष्टीनें तो त्याच्या कितीतरी आधींपासून पाप होता. दंड जाळ्याचा असावा, माणुसकीचा नसावा.

उत्तनचा कोळी बहुतेक ख्रिस्ती, सातपाटीचा बहुतेक हिंदु. पण भरती दोघांचा धर्म विचारून येत नाहीं, आणि बाजारांत दलाल भाव पाडतो तेव्हां तोही विचारीत नाहीं. वसई घेण्यासाठीं १७३९ सालीं मराठे व पोर्तुगीज याच किनाऱ्यावर लढले. त्यानंतर राज्यें तीन बदललीं. कोळ्याच्या हातांतलें वल्हें तेंच राहिलें. तेव्हां आमचें दोन्ही किनाऱ्यांस कळकळीचें सांगणें आहे, कीं बाबांनो, समुद्राला बांध घालूं नका, पाळी घाला. बांध घातला तर तो राखण्यांत हयात जाईल आणि मासा दिवेवाले नेतील. पाळी घातली तर कव उत्तनच्या पोराला राहील, वाट सातपाटीच्या पोराला राहील. येत्या नारळी पुनवेच्या आंत पहिली बैठक उत्तनकरांनीं बोलवावी. ज्याच्या कवी पुढें गेल्या त्यानें आधीं हात पुढें केला, तर त्यांत कमीपणा नाहीं.