सातचा भोंगा आणि आपले घर

मराठी आणि कन्नड या शेजारणींचे काही शब्द सारखेच आहेत. चट दोन्हीकडे चट, व्यसन दोन्हीकडे व्यसन. पण ‘अभ्यास’ची गंमत पाहा. मराठी आई ‘अभ्यास कर’ म्हणते तेव्हा पुस्तक उघडायला सांगत असते. कन्नडमध्ये अभ्यास म्हणजे सवयसुद्धा! मग हातातला मोबाईल खाली न ठेवणे याला काय म्हणायचे? सवय, चट की व्यसन?

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. आमच्या पाळीसारख्या गावातही रागाच्या भरात वडील मुलाला ‘व्यसनी’ म्हणून मोकळे होतात. मुलाच्या मनावर शिक्का बसतो, तो खोलीचे दार लावून घेतो, आणि मोबाईल काही सुटत नाही.

वैद्यकशास्त्र येथे सावध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत गेमच्या अतिरेकाला विकार म्हटले आहे. समाजमाध्यमांचा मात्र तसा स्वतंत्र उल्लेख नाही. तरी गेमसाठीच्या कसोट्या आपल्यालाही उपयोगी पडाव्यात. स्वतःवरचा ताबा सुटला आहे का? झोप, जेवण, अभ्यास, माणसे यांच्याआधी मोबाईल येतो का? नुकसान दिसूनही ते चालूच राहते का? आणि हे साधारण वर्षभर टिकले आहे का? ‘किती तास’ यापेक्षा हे प्रश्न महत्त्वाचे. उत्तरे ‘हो’ असतील तर रागावू नये, डॉक्टरांकडे जावे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ साली यासाठी खास चिकित्सालय सुरू झाले. त्याच्या नावातच तंत्रज्ञानाचा ‘निरोगी वापर’ आहे, बंदी नाही.

बाकी बहुतेकांची असते ती चट. आणि तीही नुसत्या आळसातून लागत नाही. पुस्तकाला शेवटचे पान असते, भजनाची सांगता आरतीने होते. मोबाईलच्या पडद्याला शेवटच नाही. बोट सरकवावे, नवे काही यावे. कधी मजेचे, कधी टाकाऊ. पुढच्या खेपेस काय येईल हे ठाऊक नसते, म्हणूनच बोट थांबत नाही. मांडवीतल्या कॅसिनोंमधली यंत्रे याच मनोवृत्तीवर चालतात.

एकट्याच्या निश्चयाला हे जड जाते. म्हणून सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. कोरोनाकाळात शिकवणी मोबाईलवर आली. शाळा उघडल्या तरी मोबाईल मुलांच्या हातीच राहिला. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. सरपंच विजय मोहिते यांनी आधी महिलांना विश्वासात घेतले. शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या. डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलगा गावानेही सात ते नऊ असा भोंगा सुरू केला. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे उपाय एकच!

त्याचे मर्म भोंग्यात नाही, ‘सर्वांनी मिळून’ यात आहे. मुलाला मोबाईल ठेवायला सांगून बाबा स्वतः निरोप वाचत बसले, आई मालिकेत रमली, तर तो मुलाला अन्याय वाटणारच.

आपल्याकडे तिन्हीसांजेची दिवाबत्ती अजून आहे. तीच वेळ धरा. घरातले सगळे मोबाईल एका फळीवर, आजोबांचाही. सूचनांचे आवाज कायमचे बंद. झोपण्याच्या खोलीत चार्जर नको. आणि मोकळ्या झालेल्या तासात काय करायचे ते आधी ठरवा, कारण रिकामा हात पुन्हा फळीकडेच जातो. घुमट वाजवा, भाजी निवडता निवडता गप्पा मारा, आजीकडून तिच्या माहेरची कन्नड गोष्ट ऐका. पहिले काही दिवस चिडचिड होईल, ती सोसा. मूल तुमच्याकडे पाहत असेल: आधी कोणाचा हात फळीकडे जातो?